मशीनने लिहिला, नानांनी वाचला

माझ्या ऑफिसात नवा पक्षकार आला की मी विचारायची, "काय झालं?" आणि शेजारच्या टेबलावरून हिरामणनाना विचारायचे, "फोन कोणाच्या हातात असतो?"

माणूस गोंधळून जायचा. नोकरी गेल्याचं दुःख घेऊन तो आलेला, आणि वकीलबाईंना सोडून हा म्हातारा फोनचं काय काढून बसलाय? पण नानांचं समाधान झाल्याशिवाय गाडी पुढे सरकत नसे. फोन तुझाच का? पाळीला जाताना गेटवर जमा करतात का? खोलीत किती जण राहता? तू झोपलेला असलास तर कोण उचलतं? मालकाचा माणूस त्याच चाळीत राहतो का? एवढं सगळं झाल्यावर ते लाल पेन्सिल उचलायचे आणि फायलीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला काहीतरी खरडायचे. मग माझ्याकडे बघून मान हलवायचे. म्हणजे आता मी वकिली सुरू करायला हरकत नाही.

सेलवासला नोकरीवरून काढलेल्यांच्या केसेस चालवणारं आमचं ऑफिस किलवणी नाक्याजवळ आहे. माझे वडील कोकणातून इथल्या शाळेत शिक्षक म्हणून आले आणि इथलेच झाले, म्हणून मी दादरा नगर हवेलीची. माझ्या सिनियरांनी वकिली सोडली तेव्हा ऑफिस मला दिलं. त्यात दोन लोखंडी कपाटं होती, एक पाय हलणारं टेबल होतं आणि नाना होते. सिनियर म्हणाले, "टेबल बदललंस तरी चालेल." एवढंच म्हणाले. पुढचं मला कळायला बरीच वर्षं लागली.

नाना खानदेशातले, शहाद्याकडचे. तरुणपणी इथल्या एका सुताच्या कंपनीत कामाला लागले ते टाइमकीपर म्हणून. गेटवर कार्ड पंच करून घ्यायची, कोण कधी आला आणि कधी गेला ते बघायचं. ती नोकरी कधीच सुटली होती, पण सवय काही सुटली नव्हती. अंगाने किरकोळ, पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, आणि घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. कोणीही दारातून आत आलं की नाना मान वर न करता वेळ म्हणायचे. "दहा बावीस." पक्षकार असो, पोस्टमन असो, नाहीतर मी असो. पहिल्या वर्षी मला त्याचा भयंकर राग यायचा. ऑफिस माझं, उशीर माझा, आणि हजेरी घेणारा माझाच कारकून! एकदा मी चिडून म्हटलं, "नाना, मी मालकीण आहे." तर म्हणाले, "हो ना. म्हणून तर रोज लिहीत नाही, नुसतं बोलतो."

पक्षकार उशिरा आला तर त्याला मात्र बोलणी बसायची. "वासोण्याच्या सफारीतले सिंह पण जेवायच्या वेळेला बरोबर येतात. तू माणूस आहेस ना?"

तारीख सांगण्याची त्यांची एक पद्धत होती. तारीख सांगायची, कुठे यायचं ते सांगायचं, काय आणायचं ते सांगायचं, आणि मग गप्प बसायचं. समोरचा "बरं नाना" म्हणून उठायला लागला की म्हणायचे, "बस. सांग बरं, काय कळलं तुला?" त्याने सगळं परत म्हणून दाखवलं तरच सुटका. मोठमोठे बाप्ये शाळकरी पोरांसारखे उभे राहून तारीख म्हणून दाखवायचे. मी हसायची. नाना म्हणायचे, "ताई, निरोप दिला म्हणजे पोचला असं नाही. पोचला म्हणजे कळला असं नाही. न कळलेल्या निरोपापायी किती केसेस उडाल्यात ते मला विचारा."

दोनेक वर्षांपूर्वी कामाचा पसारा माझ्या आवाक्याबाहेर गेला. सकाळी कोर्ट, दुपारी कामगार खात्यात समेटाच्या बैठका, आणि मधल्या वेळात फोनच फोन. "ताई, माझं काय झालं?" यातल्या निम्म्यांना सांगायचं उत्तर "अजून काही झालेलं नाही" हेच असतं, पण ते ज्याला त्याला सांगावं लागतं, आणि नाही सांगितलं तर तो रात्रभर जागा असतो. शेवटी मी वर्गणी भरून एक एआय सहायक घेतला. कागद स्कॅन करून दिले की तो प्रत्येक केसचा घटनाक्रम लावायचा, कुठला कागद कमी पडतोय ते सांगायचा, अर्जाचा कच्चा मसुदा करायचा आणि पक्षकारांना निरोप लिहायचा. मराठी, हिंदी, गुजराती, म्हणाल त्या भाषेत.

मला वाटलं होतं नाना रुसतील. पण ते आठवडाभर खुर्ची ओढून माझ्यामागे बसले आणि बघत राहिले. मग त्याचं बारसं केलं. "पाव्हणा!"

"पाव्हणा का?"

"घरात नवीन, सगळ्यांशी गोड बोलतो, विचारलं की लगेच उत्तर देतो, आणि घरातलं काही म्हणता काही माहीत नाही. अजून काय असतो पाव्हणा?"

त्यांनी पाव्हण्याची परीक्षाही घेतली. एका जुन्या केसमध्ये कंपनीने हजेरीपत्रक दाखल केलं होतं. त्यात एका दिवशी सगळे कामावर हजर होते, आणि त्याच कंपनीच्या दुसऱ्या एका पत्रात तो दिवस बॉयलर दुरुस्तीसाठी बंद होता. ही विसंगती शोधायला नानांना तेव्हा दोन दिवस लागले होते. का ते न सांगता त्यांनी मला ती फाइल मशीनला द्यायला लावली आणि हाताची घडी घालून बसले. मशीनने चहा यायच्या आत ती जागा दाखवली. नानांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"पाव्हण्याला चहा सांगा, ताई."

"तो पीत नाही, नाना."

"मग त्याचा मी पितो." आणि त्या दिवशी ते खरंच दोन चहा प्यायले. स्वतःपेक्षा हुशार कोणी भेटलं की नानांना आनंद व्हायचा. हा गुण मी फार थोड्या माणसांत पाहिलाय, वकिलांत तर नाहीच.

निरोपांचं मात्र सुरुवातीला काही जमेना. खानवेलचा लखमा आमचा पक्षकार, त्याला मशीनने निरोप धाडला: "आदरणीय श्री. लखमाजी, आपणास सविनय कळविण्यात येते की..." दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने लखमा हजर. सोबत थोरला भाऊ, दोघांच्या अंगावर धुतलेले कपडे, दोघांचे चेहरे उतरलेले. भाऊ म्हणाला, "याला आदरणीय लिवलाय. आमाला कोन आदरणीय नाय बोलत. सांगा काय झाला ते. केस हरलाव ना?" केस हरलेली नव्हती, फक्त तारीख पुढे गेली होती. नानांनी दोघांना बसवलं, चहा पाजला आणि समजावून परत पाठवलं. ते जिना उतरून गेल्यावर मात्र नाना टेबलावर डोकं ठेवून हसत सुटले. "ताई, पाव्हण्याला सांगा, इतका मान देऊ नको. आपल्या माणसांना मान मिळाला की भीती वाटते."

त्या दिवसापासून नियम झाला. मशीनने निरोप लिहायचा, मी त्याची छापील प्रत काढायची, नानांनी ओळीवर बोट ठेवून ती वाचायची, लाल पेन्सिलीने दुरुस्त करायची, आणि मगच तो जाणार. "सविनय" गेलं, "क्षमस्व" गेलं. "इतक्यांदा माफी मागणारा कोर्टात टिकत नाही," म्हणाले. निरोप सुटसुटीत झाले: कधी, कुठे, काय आणायचं, आणि हे सगळं परत आम्हाला लिहून किंवा बोलून पाठव.

मी सुचवलं, सुरुवातीला "नाना बोलतोय" असं घालू. लोकांचा तुमच्यावर विश्वास आहे. नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या खिशातच हात घातलाय.

"मी बोललो नाही, तर बोललो असं कसं लिहायचं?"

"मग काय लिहू?"

त्यांनी स्वतःच्या अक्षरात एका कागदावर ओळ लिहून दिली. ती मी मशीनमध्ये घातली आणि प्रत्येक निरोपाच्या खाली ती आपोआप यायला लागली. "हा निरोप मशीनने लिहिला, नानांनी वाचला."

त्या एका ओळीने जादू केली. फोन कमी झाले, माणसं वेळेवर यायला लागली. खडोलीच्या चाळींमध्ये निरोप आला की लोक आधी खालची ओळ बघायचे. नानांनी वाचला ना? मग बरोबर आहे.

आता माझ्या चुकीकडे येते. ती टाळून नानांबद्दल लिहिता येणार नाही.

मंगलबाई खडोलीच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात पॅकिंगला होती. नऊ वर्षं. एके दिवशी तिला बोलावून कोऱ्या कागदावर सही घेतली आणि दुसऱ्या दिवशी गेटवर सांगितलं, तू राजीनामा दिलास. ही सही घेताना पाहणारी एकच बाई होती, तिच्या शेजारी बसणारी शेवंता. शेवंता नानांच्याच मुलखातली, अजून तिथेच कामाला होती, ठेकेदाराकडून. नवरा नाही, तिच्या एकटीच्या जिवावर दोन मुलींची शाळा. ती साक्ष द्यायला तयार झाली होती ती एका अटीवर: तारखेपर्यंत तिचं नाव कोणाला कळता कामा नये. कळलं असतं तर ठेकेदाराने दुसऱ्या दिवशी तिचं नाव कमी केलं असतं, आणि मग मंगलबाईच्या बाजूने बोलणारंही कोणी उरलं नसतं.

तारीख जवळ आली तेव्हा नाना पुतणीच्या लग्नाला गावी गेले होते. त्या दिवशी सहा निरोप जायचे होते. मला कोर्टात पोचायचं होतं. मी सहाही निरोपांवरून नजर फिरवली, वाचले नाहीत, आणि पाठवून दिले. मंगलबाईच्या निरोपात मशीनने स्वच्छ, समजेल अशा मराठीत लिहिलं होतं की तारखेला येताना शेवंताबाईंना सोबत आणा, कोऱ्या कागदावर सही घेतलेली त्यांनी पाहिली आहे. खाली ओळ होतीच. नानांनी वाचला.

नाना दुसऱ्या दिवशी बसमधून उतरून थेट ऑफिसात आले. खांद्यावरची पिशवी खाली न ठेवता म्हणाले, "कालचे निरोप दाखवा." बोट ओळीवरून सरकत गेलं आणि थांबलं.

"ताई, हा नंबर मंगलचा नाही. देवचंदचा आहे. मुकादमाचा."

झालं होतं असं: मंगलबाई कामाला लागली तेव्हा तिच्याकडे फोनच नव्हता, म्हणून फॉर्म भरताना मुकादमाने स्वतःचा नंबर टाकला होता. तिथे सगळ्याच बायकांच्या फॉर्मवर त्याचा नंबर. मशीनला कागदांत तोच दिसला, त्याने तोच घेतला. त्याचं काही चुकलं नाही. खरी गोष्ट कागदावर नव्हतीच, ती पुठ्ठ्याच्या आत लाल पेन्सिलीने लिहिलेली होती: "मंगल. फोन दिराचा, संध्याकाळी. फॉर्मवरचा नंबर मुकादमाचा, तिकडे काही कळवू नये." आणि स्कॅनिंगच्या वेळी मी नव्या निळ्या फोल्डरांच्या हौसेपायी सगळे जुने पुठ्ठे काढून टाकले होते. नाना तेव्हा म्हणाले होते, "पुठ्ठे राहू द्या, ताई." मी म्हटलं होतं, "नाना, किती ती धूळ!"

मी घाईने फोन उचलला. निरोप पुसून टाकता येत होता. नानांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"पुसू नका. पंच झालेलं कार्ड फाडत नसतात."

"पण शेवंताचं नाव..."

"नाव गेलं. आता ती बातमी तिला मुकादमाकडून कळायला नको, आपल्याकडून कळू दे. पाळी तीनला बदलते. स्कूटर काढा."

खडोलीला कारखान्याच्या गेटसमोर चहाची टपरी आहे. आम्ही तिच्या बाजूला उभे राहिलो, नाना लग्नाची पिशवी अजून खांद्याला लावून. भोंगा झाला, बायका बाहेर पडायला लागल्या. शेवंताने आम्हाला पाहिलं आणि तिचा चेहराच बदलला.

"नाना, तुम्ही आठे कसाले उनात?" इथे कशाला आलात, एवढंच तिने विचारलं.

"शेवंता, आधी ऐकून घे. तुझं नाव फुटलं. आमच्याकडून फुटलं. मंगलला धाडायचा निरोप देवचंदच्या फोनवर गेला, त्यात तुझं नाव होतं."

ती म्हणाली, "कोनी धाडा?"

मी तोंड उघडलं. पण माझ्याकडे न बघता नाना म्हणाले, "निरोपाच्या खाली काय लिहिलेलं असतं? नानांनी वाचला. मग चूक माझी."

निरोप गेला तेव्हा नाना गावी लग्नाच्या मांडवात भात वाढत होते. त्या क्षणी मी गप्प राहिले, याची मला अजून लाज वाटते. आणि त्यांनी मला त्या गर्दीत, माझ्याच साक्षीदारासमोर उघडं पडू दिलं नाही, याचे उपकार मी कसे फेडणार ते मला माहीत नाही.

मग ते शेवंताला जे बोलले ते मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. त्यांच्या कंपनीत एका कामगाराचा हात मशीनमध्ये गेला होता. साहेबांनी नानांना सांगितलं, त्याचं त्या दिवसाचं कार्ड फाड, तो कामावर नव्हताच. नानांनी कार्ड फाडलं नाही, कोर्टात नेऊन दाखवलं. "त्या माणसाला न्याय मिळाला. माझी नोकरी महिन्याच्या आत गेली. तुझीही जाऊ शकते, शेवंता. हे न सांगता तुला कोर्टात उभं केलं तर मी कंपनीपेक्षा वाईट. नाव काढायचं असेल तर आत्ता सांग, मंगलला मी समजावतो. तुला कोणी नावं ठेवणार नाही."

शेवंता पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. शेजारून बायका जात होत्या, तिला हाका मारत होत्या.

"सही करतांना मंगलनी मनाकडे देखं व्हतं," ती म्हणाली. "तवय मी काही बोलनू नही. आते बोलसू."

"सांग बरं, काय कळलं तुला?" नानांनी विचारलं. तिने सगळं परत सांगितलं: नाव कसं फुटलं, काय होऊ शकतं, तारीख कधी, कुठे. शेवटी म्हणाली, "आनि नोकरी गई ते तुम्हना घर यीसू भाकर खावाले." नाना हसले. मला हसू आलं नाही.

मला वाटलं आता परत फिरायचं. नाना मात्र सरळ टपरीच्या आत गेले. तिथे देवचंद मुकादम बसला होता. नाना त्याच्या समोरच्या बाकावर बसले.

"देवचंद, काल तुझ्या फोनवर आमचा एक निरोप चुकून आला."

"आया ना, नाना. पण एवढी लांब मराठी कोण वाचणार? मैंने तो पूरा देखा भी नहीं."

"मग वाच. आणि वाचून ठेव, पुसू नको. तो अकरा सत्तावन्नला आला. आमच्याकडे ती वेळ नोंदलेली आहे, तुझ्याकडे पण आहे. आता उद्यापासून शेवंताच्या हाजरीला काही झालं, तर कोर्ट विचारेल कधीपासून झालं. आपण दोघं सांगू, अकरा सत्तावन्नपासून."

देवचंदने चहाचा पेला खाली ठेवला. मग एकदम मोठ्याने नानांसाठी चहा मागवला. दोघं लग्नात काय काय होतं ते बोलत बसले, आणि मी वकील असून दाराशी उभी राहून वकिली शिकत होते.

चौथ्या दिवशी शेवंताला पॅकिंगच्या टेबलावरून उठवून भंगार दळायच्या मशीनवर धाडलं. नोकरीवरून काढायचं धाडस झालं नाही, म्हणून हा मार्ग. तिथे इतकी धूळ की बाई संध्याकाळी खोकत बाहेर यायची. नानांनी तिला सांगितलं, रोज पाळी सुटली की फोनवर बोलून पाठव, आज कुठे बसवलं, कोणी बसवलं. ती रोज पाठवायची, अस्सल अहिराणीत. पाव्हण्याला अहिराणी येईना. तो भलतंच लिहायचा. मग नाना रोज कानाला फोन लावून ऐकायचे, चूक सुधारायचे, आणि मशीन दिवसवार तक्ता करायचं. कोर्टात तो तक्ता दिला तेव्हा त्यात वरती एकच गोष्ट होती: निरोप पोचल्याची वेळ. त्याखाली इतकी वर्षं एकाच टेबलावर बसलेल्या बाईची जागा त्यानंतर कशी बदलली, तारखेनिशी. कंपनीच्या वकिलांनी तो कागद दोनदा वाचला आणि बोलणी करायला मुदत मागितली. शेवंता आपल्या टेबलावर परत आली. पुढच्या दोन तारखांत मंगलबाई तिच्या शेजारी जाऊन बसली, मधली सगळी सेवा अखंड धरून.

त्यातल्या शेवटच्या तारखेला कोर्टाच्या आवारात मी शेवंताला खरं काय ते सांगून टाकलं. निरोप मी पाठवला होता, नाना तेव्हा इथे नव्हतेच. ती म्हणाली, "माले ठाऊक व्हतं ताई. त्या लगीनले मना मामा बी व्हता." म्हणजे टपरीशेजारी उभी असतानाच तिला कळलं होतं की नाना दुसऱ्याचं ओझं घेतायत. आणि तिने त्यांना ते घेऊ दिलं.

नाना त्या चुकीबद्दल मला एकदाच बोलले. खडोलीहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो छापील निरोप माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "ताई, खालची ओळ तरी वाचली होती का?" मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि कागद फाइलला लावला. पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

पुठ्ठे? ते मी रद्दीत घालायला ठेवले होते आणि नानांनी ते गुपचूप आपल्या खोलीवर नेऊन खाटेखाली रचले होते. एके दिवशी रिक्षातून सगळे गठ्ठे घेऊन आले. रिक्षावाला खोकत होता. मग किती तरी दुपारी ते पुठ्ठे उघडून वाचत राहिले आणि मी मशीनमध्ये घालत राहिले. कोणाचा फोन कोणाकडे. कोणाच्या बायकोला वाचता येतं. कोणाला पोस्टाने काही धाडू नये, घरमालक पाकिटं फोडतो. कोणाला वाईट बातमी फोनवर सांगू नये, बोलावून घ्यावं. मी इतकी वर्षं ज्यांच्या केसेस लढत होते ती माणसं मला त्या दुपारी पहिल्यांदा भेटली.

आता मशीन कुठलाही निरोप धाडण्याआधी थांबतं आणि विचारतं: हा फोन कोणाच्या हातात असतो? पहिल्यांदा पडद्यावर हा प्रश्न आला तेव्हा नाना हसता हसता ठसकले. "घ्या! पाव्हणा घरचा झाला."

गेल्या हिवाळ्यात नानांची नजर फारच कमी झाली. बोट ओळीवर असायचं आणि डोळे भलतीकडे. त्यांच्या हे माझ्याआधी लक्षात आलं होतं. एक दिवस म्हणाले, "ताई, मी वाचतो असं लिहिलंय, पण मला आता नीट दिसत नाही. हे बरं नाही." शहाद्याला मुलगी होती, ती कधीची बोलावत होती.

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. सकाळची बस होती. शर्ट इस्त्रीचा, घड्याळ मनगटाच्या आत. ते मात्र आता डोळ्यांच्या अगदी जवळ न्यावं लागत होतं. बस उशिरा लागली तेव्हा ड्रायव्हरला वासोण्याचे सिंह ऐकवून झाले. मी त्यांना खिडकीजवळ बसवलं, पिशवी मांडीवर दिली आणि खाली उतरून खिडकीशी उभी राहिले. खूप काही बोलायचं ठरवून आले होते. उपकार हा शब्द दोनदा जिभेवर आला आणि दोन्ही वेळा मी पाण्याची बाटली घेतलीत का, एवढंच विचारलं.

नानांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"ताई, आता खाली काय लिहिणार?"

"मशीनने लिहिला, ताईंनी वाचला."

"मग वाचाल?"

"वाचीन."

"सांगा बरं, काय कळलं तुम्हाला?"

आजूबाजूला माणसं होती, शेंगा विकणारी बाई होती, कंडक्टर दारात उभा होता. मी सरळ उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, "फोन कोणाच्या हातात आहे ते विचारीन. प्रत्येक निरोप बोट ठेवून वाचीन. मी वाचल्याशिवाय एकही जाणार नाही. आणि चुकलं तर चूक माझी."

नानांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ बघत राहिले.

"सात एकोणीस," म्हणाले, आणि बस हलली.